मेंदूत गाळलेली गुंगी

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या कुठल्याही मेडिकलमध्ये संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलं, तर एक सूचना बहुधा कानावर पडतेच. एखाद्या गरोदर बाईची चिठ्ठी असते, तिच्यावर २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल लिहिलेल्या असतात आणि काउंटरवरचा मुलगा स्ट्रिप कापता कापता सांगतो, “ही झोपतानाच घ्यायची हं, ताई. दिवसा घेतलीत तर गरगरेल.” ताई मान हलवतात, पैसे देतात आणि जातात.

औषध गर्भ टिकावा म्हणून दिलेलं असतं, त्याचं काम गर्भाशयाशी असतं. मग गरगरतं डोकं का? घरातली वडीलधारी बाई म्हणेल, पोटुशीला झोप येतेच, त्यात नवल ते काय. तेही खरं आहे. कॅप्सूलची गुंगी आणि पहिल्या तीन महिन्यांतली ती अनावर झोप, या दोन्हींमागे बऱ्याच अंशी एकच रेणू असावा. त्याचं नाव ॲलोप्रेग्नॅनोलोन. नाव जिभेला जड आहे, पण पुढे त्याच्याशिवाय पान हलणार नाही, तेव्हा ते एकदा सावकाश वाचून घ्यावं.

पोटात गेलेलं प्रोजेस्टेरॉन आतडं आणि यकृत यांतून जाताना दोन रासायनिक पायऱ्या उतरतं आणि त्याच्या काही भागाचं ॲलोप्रेग्नॅनोलोन होतं. ते रक्तातून मेंदूत शिरतं आणि डोळे मिटायला लागतात. हीच कॅप्सूल योनिमार्गात ठेवली तर यकृताचा फेरा टळतो आणि गुंगी बरीच कमी येते. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त वाटेचा. डॉक्टर काही बायकांना तसं का सुचवतात, त्याचं एक कारण हे.

ही गुंगी पहिल्यांदा नीट पाहिली ती हान्स सेल्ये यांनी. ‘स्ट्रेस’ हा शब्द ज्यांच्यामुळे घरोघरी पोचला तेच हे सेल्ये. १९४१ साली मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी उंदरांच्या पोटात प्रोजेस्टेरॉन टोचलं, तर उंदीर भूल दिल्यासारखे आडवे झाले आणि काही वेळाने उठून चालू लागले. त्या काळी प्रोजेस्टेरॉन सोन्याच्या मोलाचं होतं. पुढे काही वर्षांत रसेल मार्कर या हट्टी रसायनतज्ज्ञाने मेक्सिकोतल्या जंगली कंदापासून ते बनवायची युक्ती काढली आणि भाव कोसळला. दादरा-नगर हवेलीच्या जंगलातही त्या कंदाचे भाऊबंद उगवतात; कडू कंद राखेत किंवा पाण्यात मुरवून, उकडून खाण्याची रीत इथल्या आदिवासी घरांना ठाऊक आहे. म्हणून कंद खाऊन शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नये. ते रूपांतर कारखान्यातल्या भांड्यात होतं, माणसाच्या पोटात होत नाही.

सेल्येंच्या निरीक्षणातून भुलीचं एक औषधही निघालं. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘अल्थेसिन’ नावाचं स्टेरॉइडी इंजेक्शन वापरात आलं. भूल छान लागायची, माणूस लवकर शुद्धीवरही यायचा. पण ज्या तेलकट द्रावकात ते विरघळवलेलं होतं त्याची काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी यायची. १९८४ साली ते बाजारातून गेलं. गंमत अशी, की त्याच वर्षी ते नेमकं चालतं कसं याचा उलगडा लंडनमध्ये हॅरिसन आणि सिमंड्स या दोघांनी केला आणि दोन वर्षांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मायेवस्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शरीरात नैसर्गिकपणे असणारी स्टेरॉइडंही तेच करतात.

मेंदूतल्या पेशींना आवरणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. पेशीच्या पडद्यावर पाच तुकड्यांनी बनलेली एक बारीक वाट असते. गाबा येऊन चिकटला की ती उघडते, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. ही वाट म्हणजे आपल्या इथल्या मधुबन धरणाचा दरवाजा समजा; तो उघडायचा हुकूम गाबाचा. ॲलोप्रेग्नॅनोलोन तो दरवाजा लवकर मिटू देत नाही. हुकूम तेवढाच, पाणी मात्र जास्त. झोपेच्या आणि चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्याही गाबाचाच जोर वाढवतात, पण त्यांची पकड वेगळ्या जागी असते. शिवाय पेशींच्या सांध्यापासून दूर अशा काही वाटा असतात, ज्या त्या गोळ्यांना दाद देत नाहीत, ॲलोप्रेग्नॅनोलोनला मात्र ते अगदी थोडं असलं तरी देतात. या दूरच्या वाटा मेंदूचा एकूण पारा ठरवतात. म्हणूनच ज्यांना नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत, अशांसाठी या रेणूकडे आशेने पाहिलं जातं.

आता मुख्य धक्का. १९८१ साली पॅरिसमध्ये एतियेन-एमिल बोलिए यांच्या गटाने उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी आणि जननग्रंथी काढून टाकल्या. स्टेरॉइडं बनवणारे ज्ञात कारखानेच बंद केले म्हणा ना. रक्तातली स्टेरॉइडं आटली. मेंदूतली मात्र राहिली. म्हणजे मेंदू ती स्वतः बनवत होता. बोलिए यांनी या कुळाला ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव दिलं. हे गृहस्थ जगाला जास्त माहीत आहेत ते गर्भपाताच्या गोळीचे जनक म्हणून. ३० मे २०२५ रोजी ९८व्या वर्षी ते गेले आणि बहुतेक मृत्युलेखांत न्यूरोस्टेरॉइडांना एखाद-दुसरी ओळ मिळाली. मला विचाराल तर हिशेब उलटा व्हायला हवा होता.

कच्चा माल कोलेस्टेरॉल. ज्याच्या नावाने आपण तूप-लोणी ताटातून बाजूला सारतो तेच. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच तिथे असतो. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ओढून घेतलं जातं, तिथे त्याची शेपटी कापली जाऊन प्रेग्नेनोलोन होतं, त्याचं प्रोजेस्टेरॉन आणि मग दोन विकरांच्या हातून जाऊन ॲलोप्रेग्नॅनोलोन. त्यातलं पहिलं विकर, ५-अल्फा-रिडक्टेज, लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याची गाठ पुढे टकलाशी पडणार आहे. या कुळातले सगळेच शांत स्वभावाचे नसतात. प्रेग्नेनोलोनला सल्फेट जोडलं की तो रेणू गाबाची वाट अडवतो आणि पेशींना उत्तेजित करणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला जोर देतो. एका घरात एक भाऊ झोपवणारा आणि दुसरा उठवणारा, तसला प्रकार. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की जिममधली इंजेक्शनं किंवा दम्याचे, सांधेदुखीचे उपचार आठवतात. ते याच विस्तारित घराण्यातले, पण कामं अगदी निराळी.

१९९१ साली पर्डी, पॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांना थोडा वेळ पाण्यात पोहायला लावलं आणि मग त्यांच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन मोजलं. ते मिनिटांत वाढलेलं निघालं. ताण आला की मेंदू ताणावरचा उतारा स्वतःच गाळायला घेतो. सेल्येंनी ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या होत्या, ताण आणि स्टेरॉइडी गुंगी, त्या अशा पन्नास वर्षांनी एकत्र आल्या.

इथून गोष्ट नागपुरात येते आणि हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि नंतर कामठीच्या श्रीमती किशोरीताई भोयर फार्मसी कॉलेजात सी. टी. चोपडे यांनी न्यूरोस्टेरॉइडांवर एक सलग फळी उभी केली. राहुल खिस्ती, खेमराज हिराणी, राजेश उगले ही त्यातली नावं, आणि काम ‘ब्रेन रिसर्च’, ‘न्यूरोफार्माकॉलॉजी’, ‘न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी’ अशा नियतकालिकांतून आलं. तंत्र साधं होतं, पण हुशारीने वापरलेलं. काचेच्या उंच नळकांड्यात कोमट पाणी घ्यायचं आणि त्यात छोटा उंदीर सोडायचा. सुरुवातीला तो हातपाय मारतो, भिंतीवर चढू पाहतो. मग कधीतरी नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगत राहतो. सहा मिनिटांच्या परीक्षेतली शेवटची चार मिनिटं हातात घड्याळ घेऊन तो किती वेळ निश्चल राहिला ते मोजायचं. नैराश्यावरची औषधं दिली की ही निश्चलता कमी होते. १९७७ मध्ये पोर्सोल्टने ही परीक्षा काढली. तिच्यावर टीका खूप झाली आहे आणि ती रास्तही आहे, कारण उंदीर निराश झाला की नुसता शहाणपणाने दम राखून राहिला हे त्याला कोण विचारणार? पण औषध चाळायला ती अजून वापरतात.

२००० साली खिस्ती आणि चोपडे यांनी दाखवलं, की ॲलोप्रेग्नॅनोलोन दिलं की उंदीर जास्त वेळ हातपाय मारतो आणि सिरोटोनिनवर काम करणारी औषधं या परिणामाला हात देतात. त्याच सुमारास परदेशात वेगळ्याच बाजूने पुरावा येत होता: नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदू-मेरुद्रवात ॲलोप्रेग्नॅनोलोन बरंच कमी असतं आणि फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी बरं वाटू लागलं की ते वर येतं. फ्लुओक्सेटिन सिरोटोनिन वाढवतं हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते खरंच आहे, पण त्याच्या कामाचा काही भाग या आडवाटेने होत असावा. उगले आणि चोपडे यांनी २००४ मध्ये ओलान्झापिन या मनोविकारावरच्या औषधाबद्दल उंदरांमध्ये असंच दाखवलं.

मला मात्र कामठीचं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं ते दारूवरचं, आणि ते सिल्वासात बसून वाचलं की जास्तच जवळचं वाटतं. वापीहून इकडे येताना गुजरातची हद्द संपली की वाइन शॉप आणि बार सुरू होतात. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी, इथे नाही. शनिवार-रविवारच्या गर्दीचं गणित एवढ्यावरच बसलेलं आहे. पेशव्यांनी १७८३ आणि १७८५ मध्ये नगर हवेली आणि दादरा पोर्तुगीजांना लावून दिले नसते, आणि २ ऑगस्ट १९५४ला मुक्त होऊन पुढे हा तुकडा केंद्राकडे गेला नसता, तर इथेही शेजारच्या एखाद्या राज्याचाच अबकारी कायदा चालला असता. इतिहासाचा दारूशी असाही संबंध असतो.

दारू मेंदूत काय करते, याचं जुनं उत्तर असं की ती सरळ गाबाच्या वाटांवर काम करते. हे अर्धंच उत्तर आहे. हिराणी, खिस्ती आणि चोपडे यांनी २००२ मध्ये उंदरांना दारू दिली, ते पाण्याच्या परीक्षेत जास्त तरतरीत राहिले. मग आधी फिनास्टेराइड दिलं, म्हणजे मघाचं ५-अल्फा-रिडक्टेज बंद पाडलं, ॲलोप्रेग्नॅनोलोनची निर्मितीच रोखली. दारू तेवढीच, पण परिणाम फिका पडला. म्हणजे उंदराला जे वाटत होतं त्यातलं काही बाटलीतून आलेलं नव्हतं; दारूने त्याच्याच शरीराकडून गाळून घेतलेलं होतं. अनेक दिवस पाजून दारू अचानक तोडली, तर निश्चलता वाढली आणि ॲलोप्रेग्नॅनोलोन दिल्यावर ती उतरली. २००५ मध्ये दारूने भीती कमी होण्यामागेही हाच रेणू असल्याचं कामठीच्या गटाने दाखवलं. खिस्ती पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला लेस्ली मॉरो यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे दिसलं, की अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांना दारूची गुंगी कमी येते. तेव्हा हा सगळा माल मेंदूतच बनतो असं नाही. काही मूत्रपिंडावर बसलेल्या त्या छोट्या ग्रंथींकडून येतो आणि मेंदू त्यावर पुढची प्रक्रिया करतो.

माणसाचं चित्र इतकं सरळ नाही. स्पेनमध्ये दारू पिऊन बेहाल होऊन रुग्णालयात आलेल्या किशोरवयीन मुलामुलींच्या रक्तात ॲलोप्रेग्नॅनोलोन वाढलेलं आढळलं. प्रयोगशाळेत मोजून दारू दिलेल्या प्रौढांत ते वाढलं नाही, काही प्रयोगांत उतरलंच. पण दारू सोडण्याच्या पहिल्या दिवसांत रुग्णांच्या रक्तात ते कमी असतं आणि त्याच दिवसांत बेचैनी व उदासी जास्त असते, हे १९९६ मध्ये इटलीत नोंदलं गेलं. सोडणारा माणूस ‘मला जगणं नकोसं झालंय’ म्हणतो तेव्हा घरचे त्याला नाटकी म्हणतात. त्याच्या मेंदूतली शिल्लक खरोखरच तळाला गेलेली असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला एकटं सोडू नये, आणि रोज भरपूर पिणाऱ्याने दारू डॉक्टरच्या देखरेखीशिवाय एकदम तोडू नये. त्यात आकडी येण्याचाही धोका असतो.

एकटं सोडू नये, याला आणखीही एक आधार आहे. शिकागोत एर्मिनिओ कोस्टा आणि आलेसान्द्रो ग्विदोत्ती यांच्या गटाने नर उंदीर काही आठवडे एकेकटे पिंजऱ्यात ठेवले. खाणं-पाणी व्यवस्थित, त्रास काही नाही, फक्त सोबत नाही. त्यांच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्नॅनोलोन जवळजवळ निम्म्यावर आलं आणि ते भांडखोर झाले. दादरा-नगर हवेलीत २०११च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलींच्या गर्भहत्येचा नाही. धाग्याच्या, प्लास्टिकच्या, औषधांच्या कारखान्यांत काम करायला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, खानदेश इथून बायका-मुलांना गावी ठेवून आलेल्या पुरुषांचा आहे. बारा तासांची पाळी, चार जणांत एक खोली आणि पगाराच्या दिवशी बाटली. उंदरावरून माणसाची गोष्ट सांगू नये हे मान्य, पण पाळी सुटल्यावरची सिल्वासाची गर्दी पाहताना तो पिंजरा आठवल्याशिवाय राहत नाही.

फिनास्टेराइडचं नाव वर आलं. प्रयोगशाळेत न्यूरोस्टेरॉइडं थांबवायला वापरतात तेच हे औषध एक मिलिग्रॅमच्या गोळीत केस गळू नयेत म्हणून लाखो तरुण रोज घेतात. डोक्यावरच्या त्वचेत ते पुरुषी हार्मोनचं एक तीव्र रूप बनू देत नाही. पण विकर तेच, आणि विकराला आपण टाळूत काम करतोय की मेंदूत हे कळत नाही. बहुतेकांना काही त्रास होत नाही. काहींना उदासी येते. युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. केस विरळ होताहेत म्हणून यूट्यूब पाहून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ही गोळी आणणाऱ्या पोराला हे कोणीतरी सांगायला हवं. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर जास्तच.

बाकी आजारांत या रेणूंचा हिशेब मिश्र आहे. काही बायकांना पाळीच्या आसपासच आकडी येते, कारण त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन आणि त्याबरोबर ॲलोप्रेग्नॅनोलोन घसरतं. २०१२च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत प्रोजेस्टेरॉनचा सरसकट फायदा दिसला नाही, ज्यांच्या फिट्स पाळीशी घट्ट बांधलेल्या होत्या त्यांनाच झाला. गॅनाक्सोलोन हा ॲलोप्रेग्नॅनोलोनचा कृत्रिम भाऊ मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, तोही लहान मुलांच्या एका दुर्मीळ आनुवंशिक अपस्मारासाठी. डोक्याला मार लागलेल्यांना प्रोजेस्टेरॉन देऊन वाचवता येईल ही आशा मात्र २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी साफ मोडली. उंदरांत प्रोजेस्टेरॉनने फार सुंदर काम केलं होतं.

यश मिळालं ते बाळंतिणींच्या बाबतीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ॲलोप्रेग्नॅनोलोन अनेक पटींनी चढलेलं असतं, कारण वार प्रोजेस्टेरॉनचा पूर आणत असते. वार पडली की पूर ओसरतो आणि काही दिवसांत पातळी गरोदरपणाआधीच्या जागी येते. मेंदूने नऊ महिने त्या पुराशी जमवून घेत आपल्या वाटांची संख्या कमी केलेली असते; त्या परत वाढायला वेळ लागतो. २००८ साली लॉस एंजेलिसमध्ये मॅग्वायर आणि मोदी यांनी ज्या उंदरांच्या माद्यांत त्या दूरच्या वाटा घडत नाहीत अशा माद्या पाहिल्या. त्या व्यायल्यावर पिल्लांकडे दुर्लक्ष करत, काही त्यांना खात.

१९ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत ब्रेक्सानोलोन मंजूर झालं. हे दुसरं-तिसरं काही नसून ॲलोप्रेग्नॅनोलोनच, साखरेच्या कड्यांसारख्या रेणूंत बसवून पाण्यात विरघळवलेलं, अल्थेसिनची चूक सुधारून. सलाइनमधून सलग ६० तास द्यायचं. अनेक बायकांची उदासी आठवड्यांऐवजी दिवसांत उतरली. किंमत जवळपास ३४,००० डॉलर, रुग्णालयाचा खर्च वेगळा. शिवाय अचानक शुद्ध हरपू शकते म्हणून सतत कोणीतरी उशाशी हवं. विकणाऱ्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस ते बंदच केलं. त्याची जागा झुरानोलोनच्या कॅप्सूलने घेतली: ४ ऑगस्ट २०२३ला मंजुरी, चौदा दिवस रोज संध्याकाळी एकदा, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर, आणि घेतल्यावर बारा तास गाडी चालवायची नाही. काउंटरवरच्या मुलाची ‘दिवसा घेतलीत तर गरगरेल’ ही सूचना इथेही लागू.

आता एक अडचणीचा प्रश्न. पूर तर प्रत्येक बाळंतिणीचा ओसरतो, मग काही जणीच का बुडतात? २००० साली अमेरिकेत ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी सोळा बायकांना औषधांनी गरोदरपणासारखी हार्मोनची पातळी दिली आणि मग गुपचूप काढून घेतली. ज्यांना पूर्वी बाळंतपणानंतरचं नैराश्य आलं होतं अशा आठांपैकी पाच जणी पुन्हा उदास झाल्या. ज्यांना कधी आलं नव्हतं त्या आठांपैकी एकही नाही. घसरण तीच, मेंदू वेगळे. आणि घरंही वेगळी असतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २७० मातांची पाहणी केली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांत नैराश्य होतं. जोखीम कशाने वाढली? गरिबीने, नवऱ्याच्या मारहाणीने, आणि मुलगी झाल्याने. मारणारा नवरा असेल किंवा आधीच मुली असतील तिथे मुलीचा जन्म जास्तच जड जात होता. ॲलोप्रेग्नॅनोलोन कमी झालं हे खरं. पण तो उतारा ज्या ताणावर खर्च होतो, तो ताण घरातून येतो. औषधाच्या जाहिराती पहिल्या अर्ध्यावर थांबतात, आणि ‘हे सगळं समाजामुळे’ म्हणणारे दुसऱ्या अर्ध्यावर. दोघांवरही माझा विश्वास बसत नाही.

त्याच गोव्यात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत २८० गरोदर बायका होत्या, सगळ्या नैराश्याच्या लक्षणांच्या. अर्ध्या जणींकडे ‘सखी’ जायच्या: त्याच वस्तीतल्या बायका, मानसोपचाराचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. बोलणं तीन गोष्टींवर: बाईची स्वतःची तब्येत, तिचं बाळाशी नातं, आणि आजूबाजूच्या माणसांशी नातं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सखींच्या गटात बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता, आणि खर्च ३४,००० डॉलरच्या आसपासही फिरकणारा नव्हता.

सिल्वासात आता वैद्यकीय महाविद्यालय आहे; ७ मार्च २०२५ रोजी साडेचारशे खाटांच्या नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. बाळंतपणं रुग्णालयात होतात ही मोठीच गोष्ट. पण सगळं सुरळीत असलं की बाई दोन-तीन दिवसांत घरी, खानवेलकडच्या पाड्यावर किंवा आमलीच्या चाळीत परत जाते, आणि उदासी दाटून येते ती नंतरच्या आठवड्यांत. त्या आठवड्यांत ठरलेल्या दिवशी घरी जाते ती आशाताई. राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिच्या सहा भेटी असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती बाळाचं वजन करते, ताप पाहते, दूध पितंय का विचारते. त्याच भेटींत आईची विचारपूसही करता येईल: बाळंतपणानंतरची उदासी ओळखायची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. गोव्याच्या पाहणीत ती कोकणीत वापरली गेली आणि ती गुजरातीतही आहे. पहिल्या दोन भेटी नेमक्या पूर ओसरण्याच्या आठवड्यात पडतात. बेचाळिसावा दिवस म्हणजे गोव्यातल्या त्या पाहणीचा सहावा आठवडा.